घरच्या घरी कडू अर्क : डहाणू-तलासरीतल्या नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी?

ज्यांनी आजवर मोरावळ्यापलीकडे काही मुरवलेलं नाही, पण बोर्डीला किंवा घोलवडला शनिवार-रविवारपुरतं घर घेतल्यापासून ज्यांच्या हातांना स्वस्थता नाही, त्यांच्यासाठी. अशा घराच्या ओट्यावर लोणच्याची बरणी आता शोभत नाही. तिथे तपकिरी काचेची, ड्रॉपरची छोटी बाटली लागते आणि तिच्यात 'हे मीच केलंय' असं पाहुण्यांना सांगता येईल असं काहीतरी कडू लागतं.

आधी व्याख्या उरकून घेऊ. एखादी साल, मूळ, पान किंवा फळ कडक दारूत भिजवून त्याचा कस काढला की झालं टिंक्चर. असे कडू, सुगंधी आणि किंचित गोड कस एकत्र केले की झाले बिटर्स. ते पेल्यात ओतून प्यायचे नसतात, दुसऱ्या पेयात थेंबांनी घालायचे असतात. या जातीतली सगळ्यांत नावाजलेली बाटली अँगोस्टुराची. योहान सीगर्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने 1824 साली व्हेनेझुएलात पोटाच्या तक्रारींवरचं औषध म्हणून ती तयार केली. आज ती औषधाच्या कपाटात दिसत नाही, बारमध्ये दिसते. अल्कोहोल 44.7 टक्के. लेबल मात्र बाटलीपेक्षा मोठं, पार गळ्यापर्यंत आलेलं. नवशिक्याने या लेबलाकडे नीट पाहून ठेवावं. पुढच्या सगळ्या पायऱ्या तिकडेच जातात.

पायरी 1 : उभं कुठे राहायचं ते ठरवा

पाककृतीच्या पुस्तकात ही पायरी नसते, कारण ती पुस्तकं तलासरीत बसून लिहिलेली नसतात. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचा तलासरी हा महाराष्ट्राचा शेवटचा तालुका. अच्छाड मागे पडलं की गुजरात. तिथे राज्य जन्मल्यापासून, म्हणजे 1960 पासून, दारूबंदी. उजवीकडे वळलात तर सिल्वासा, किनाऱ्याने वर गेलात तर दमण. दोन्हीकडे दारू महाराष्ट्रापेक्षा स्वस्त. त्यामुळे एकच बाटली सिल्वासात सामान असते, तलासरीत मुद्देमाल होते आणि गुजरातेत गुन्हा ठरते. आतला द्रव तोच राहतो, गाडी तेवढी पुढे सरकते. 'दमण बनावटीची दारू जप्त' ही बातमी इथल्या वाचकाला हवामानाच्या बातमीइतकीच ओळखीची आहे.

तेव्हा नवशिक्याने महाराष्ट्राच्या हद्दीतच राहावं, दुकानाची पावती जपून ठेवावी आणि बरणी छोटी घ्यावी. छोटी घेण्याला आणखी एक कारण आहे. 20 जून 1991 च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला आणि प्रदूषण करणाऱ्या मोठ्या कारखान्यांना तिथे दार बंद झालं. तुमचे बिटर्स फारच लोकप्रिय झाले तर कारखाना कुठे काढणार, याचा विचार आत्ताच केलेला बरा.

पायरी 2 : आधी तब्येत, मग परवाना

महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी परवाना लागतो, हे बारमध्ये बसलेल्यांपैकी अनेकांना ठाऊक नसतं. कायदा 1949 चा आहे आणि त्याच्या नावातच दारूबंदी आहे. म्हणजे राज्यात दारूबंदी आहे, आणि ज्याच्याकडे परवाना आहे त्याला ती लागू नाही. कडक दारूसाठी वयाची अट 25 वर्षं.

परवाना कशासाठी मिळतो, ते त्यावर वाचा : आरोग्याचं रक्षण आणि जतन करण्यासाठी. एका दिवसाचं आरोग्य विदेशी दारूने राखायचं असेल तर 5 रुपये, देशीने राखायचं असेल तर 2 रुपये, असा हा दर वर्षानुवर्षं चालत आला. देशी माणसाचं आरोग्य सरकारदरबारी तीन रुपयांनी स्वस्त पडतं, एवढाच याचा अर्थ.

आता तुमच्या उद्योगाबद्दल. विकत घेतलेल्या बाटलीत घरी साल भिजवून स्वतःपुरते थेंब काढणं हा छंद वाटतो. पण कायद्यात दारू 'तयार करणे' याचा पसारा मोठा आहे. त्यामुळे ती बाटली शेजाऱ्याला विकलीत की छंद संपला आणि कलम 65 सुरू झालं. चूल पेटवून वाफ धरायला गेलात तर विकण्याचीही वाट पाहावी लागत नाही.

पायरी 3 : कडू शोधा

परदेशी पुस्तकं जेन्शियनचं मूळ आणायला सांगतात. ते ऑनलाइन मागवण्याआधी गावातल्या काष्ठौषधीच्या दुकानात जा आणि काडेचिराईत मागा. जेन्शियनच्याच कुळातली ही वनस्पती 1839 साली एडिंबरोच्या औषधकोशात जाऊन बसली आणि पुढे तिचं टिंक्चर ब्रिटिश डॉक्टर भूक लागण्यासाठी लिहून देऊ लागले. आपल्याकडे मुलांच्या घशात ते ओतण्यासाठी दोन माणसं लागायची. दारूत घातल्यावर तीच मुलं मोठी होऊन ते आपणहून घेतात.

डहाणू-तलासरीच्या रानात आणि वाडीत नवशिक्याला उपयोगी पडेल असं बरंच काही आहे :

*कुडा.* साल कडू, जुलाबावरचं पिढ्यान्पिढ्यांचं औषध. चिमूटभर पुरते.

*सातवीण.* हिची साल तापावर द्यायचे. तीही ब्रिटिश औषधकोशात पोचली होती. इथल्या माणसाला मात्र ती शिकवायला कुठला कोश आला नव्हता.

*करवंद, जांभूळ.* रंग आणि तुरटपणा. उन्हाळ्याच्या शेवटी पाड्यावरच्या बायका पानांच्या द्रोणात विकायला बसतात. भाव करू नका.

*मोसंबीची साल.* वरचा पिवळा भागच घ्या. पांढरा गर घेतलात तर कडूपणा येतो खरा, पण तो बिटर्सचा नसतो, चुकीचा असतो.

*चिकू.* इथे येऊन चिकू टाळणं म्हणजे पाहुण्याने यजमानाला ओळख न दाखवणं. घोलवडला पहिली लागवड 1898 ची, आणि डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकनही आहे. पण बिटर्सच्या दृष्टीने चिकू हा फार सज्जन माणूस. गोडवा भरपूर, आंबटपणा जवळजवळ शून्य. बोर्डीत चिकूची वाईन होते, पण तिला आम्लाची जोड द्यावी लागते. तुम्ही सुकवलेल्या चिकूच्या फोडी वापरा. त्यांनी कडूपणाला गुळचट पाठबळ मिळतं. कच्चा चिकू घालू नका. त्याचा चीक आणि तुरटपणा जिभेला असा चिकटतो की पाहुणे बोलायचे थांबतात. काही पाहुण्यांच्या बाबतीत याचा विचार करता येईल.

आणि एक कठोर सूचना, हिच्यात विनोद नाही. ज्या झाडाची ओळख शंभर टक्के पटलेली नाही, ते बरणीत जाऊ देऊ नका. धोतरा, कण्हेर, गुंज ही झाडंही याच रानात आणि कुंपणांवर आहेत, आणि दारू त्यांचं विषही तितक्याच इमानाने बाहेर काढते. रोजची औषधं चालू असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी घरगुती अर्कांच्या वाटेला जाऊ नये.

पायरी 4 : मोहाजवळ थोडं थांबा

वरच्या यादीत मोह नाही, कारण त्याला वेगळी पायरी लागते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली गोड, मांसल, फिकट पिवळ्या फुलांचा सडा पडतो. बायका-मुलं उजाडायच्या आत तो वेचतात. वाळवलेलं फूल मनुकेसारखं दिसतं आणि साखरेने भरलेलं असतं. अन्न म्हणून खातात, गुरांना घालतात, आणि आंबवून त्याची दारू काढतात. वारल्यांच्या लग्नात, देवकार्यात आणि मयतीत तिची धार लागते.

इंग्रज सरकारला या फुलाचा फार लोभ. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्या बंद करून दारू मक्त्याच्या कारखान्यांकडे नेली आणि ताडीच्या झाडांवर जबर कर बसवला. तरी लोक घरी गाळतातच, म्हणून 1892 मध्ये मोहाच्या फुलांसाठी वेगळा कायदा केला. ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांवर त्याचा रोख होता, आणि डहाणू तेव्हा ठाण्यातच होतं. झाडाखाली पडलेलं फूल घरात साठवणं हाच गुन्हा झाला. स्वतंत्र भारताच्या 1949 च्या कायद्यानेही मोहफुलांवरचा पहारा चालू ठेवला. महाराष्ट्र सरकारने आदिवासींवरचे ते निर्बंध सैल केले 2021 मध्ये.

दरम्यान दुसरीकडे काय झालं, तेही पाहा. औषधाच्या कुठल्याही दुकानात जा आणि कुटजारिष्ट मागा. कुड्याची साल, शिवण, मनुका, मोहाची फुलं आणि गूळ, आणि हे सगळं आंबवायला धायटीची फुलं. भांड्याचं तोंड बंद करून महिनाभर मुरवलेलं, स्वतःचं अल्कोहोल स्वतः तयार करणारं, कडू आणि गोड. नवशिक्यांनो, तुम्ही ज्याच्यासाठी ड्रॉपर विकत घेतलात ते बिटर्स हेच. त्याला परवाना लागत नाही, वयाची अट नाही, आणि ते आजी चमच्याने घेते. हेच फूल पाड्यावरच्या मडक्यात आंबलं की पंचनाम्यात त्याला 'रसायन' म्हणतात आणि ते जागेवर ओतून देतात.

अलीकडे तिसराही अवतार आला आहे. डहाणू परिसरातल्या साउथ सीज डिस्टिलरीने 'सिक्स ब्रदर्स महुरा' या नावाने मोहाची दारू देखण्या बाटलीत बाजारात आणली. परवाना घेतलेला, कर भरलेला, जबाबदारीने गाळलेला माल. त्यात खोट काढण्यासारखं काही नाही. फक्त त्या बाटलीची किंमत वाचून झाल्यावर फूल वेचणाऱ्या बाईला किलोमागे काय मिळालं, हा प्रश्न मनात येतो आणि मावळत नाही. गोव्यात फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, 2016 मध्ये राज्याने तिला वारसा म्हणून मान दिला. तिथे दुधशिरीचं मूळ घातलेली फेणी लोक पोटाला बरी म्हणून उघडपणे घेतात. सह्याद्रीच्या उतारावर महाराष्ट्रातही तेच मूळ, तसंच फळ, तशीच चूल, पण मान मिळायला राज्य बदलावं लागतं.

पायरी 5 : मुरवा

आता खरी कृती. ती सगळ्यांत लहान आहे.

दुकानातली साधी, वास नसलेली व्होडका घ्या. आपल्याकडे तिची ताकद 42.8 टक्के असते. सालीचा कस काढायला याहून कडक द्रव बरा, पण तो शोधायला जाऊ नका. 'ओळखीच्या माणसाकडचं स्पिरिट' हे शब्द ऐकले की बरणी उलटी करून ठेवा. औद्योगिक स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकतं, ते डोळे नेतं आणि मग माणूस नेतं. जून 2015 मध्ये मुंबईतल्या मालवणीत शंभरावर माणसं त्याने गेली. तीही स्वस्तातली दारू समजूनच प्यायली होती.

वाळलेली साल एक भाग, व्होडका पाच भाग. काडेचिराईत किंवा कुडा असेल तर एकास दहा. फार कडू वस्तू एकत्र भिजवू नका. प्रत्येकीची बरणी वेगळी, प्रत्येकीवर नाव आणि तारीख. झाकण घट्ट, जागा अंधारी. रोज एकदा हलवा. साधारण दोन आठवड्यांनी मलमलीतून गाळा. मग थेंबाथेंबाने मिसळून पाहा : कडू किती, सुवास किती. शेवटी गुळाचा पातळ पाक, तोही जपून. डहाणूच्या मे महिन्यात बरणी खिडकीत ठेवलीत तर रंग उतरेल, फ्रिजवर ठेवलीत तर घरचे विचारतील.

ताडीचं टिंक्चर होत नाही, कारण तिला तेवढा दम नसतो. पहाटे झाडावरून उतरली तेव्हा ती नीरा असते, सूर्य चढेल तशी ताडी होत जाते. एकाच मडक्याला सकाळी एक नियम, दुपारी दुसरा. वारली चित्रांत ताडावर चढलेला माणूस हमखास असतो. जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं डहाणूच्या पाड्यांवरून जगभर नेली आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रातला तो माणूस आता महागड्या हॉटेलांच्या भिंतींवर चढलेला दिसतो. तिथे त्याला कुणी हटकत नाही.

पायरी 6 : लेबल चिकटवा

खरी मेहनत इथे आहे. 'कुड्याच्या सालीचा काढा, व्होडकेत' असं लिहिलंत तर कुणी हात लावणार नाही. 'सह्याद्रीच्या पायथ्याचं रानकडू, मर्यादित आवृत्ती' असं लिहा. एका कोपऱ्यात वारली चित्रातली तारपा वाजवणारी आकृती टाका. चित्रकाराचं नाव टाकायला जागा कमी पडेल. अशा वेळी लेबल मोठं करा, अँगोस्टुराचं आठवा. बॅच क्रमांक लिहा, एकच बरणी असली तरी. 'हाताने गाळलेलं' हे शब्द वापरताना जपा. ते तुमच्या बाटलीवर कौतुक होतात, रस्त्यापलीकडच्या पाड्यावर पुरावा.

शंका आणि समाधान

*हे औषध आहे असं सांगितलं तर चालेल का?*
हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला आहे. मुंबईतल्या दारूबंदीला आव्हान देणाऱ्या एफ. एन. बलसारा खटल्यात न्यायालयाने 1951 मध्ये कायदा बव्हंशी कायम ठेवला, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं बाळगण्या-विकण्यावरची बंदी काढून टाकली. मग आल्याचं टिंक्चर औषधापेक्षा जास्त श्रद्धेने घेणारेही निघाले. म्हणूनच आज 12 टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेलं होमिओपॅथीचं औषध किरकोळ विक्रीत 30 मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत मिळत नाही. कायद्याने माणसाला ओळखलेलं आहे. तुमच्या बाटलीवर 'पचनास उत्तम' लिहू नका.

*फार कडू झालं. काय करू?*
पातळ करा, गोड करा, किंवा ठरवूनच तसं केलं होतं असं सांगा. तिसरा उपाय सगळ्यांत जास्त वापरला जातो.

*आदिवासींना दारू सुटत नाही असं म्हणतात. खरं का?*
1922 साली पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांमधून एका देवीचा संचार सुरू झाला आणि उत्तरेकडे सुरत जिल्ह्यातल्या आदिवासींपर्यंत पोचला. ज्यांच्या अंगात ती यायची, ते सांगायचे : दारू सोडा, ताडी सोडा, स्वच्छ राहा, गुत्तेवाल्याच्या दारात जाऊ नका. गावंच्या गावं दारू सोडून बसली आणि गुत्त्यांना गिऱ्हाईक मिळेना. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी यावर आख्खं पुस्तक लिहिलं आहे. सोडायची की प्यायची हे लोकांनी स्वतः ठरवलं, ही गोष्ट तेव्हाच्या सरकारला दारूपेक्षा जास्त चढली.

*पाड्यावरून पहिल्या धारेची मोहाची आणून तिच्यातच साल भिजवली तर? जास्त अस्सल होईल ना?*
अस्सल होईल. तुम्ही फोटो टाकाल, गावाचं नाव लिहाल, लोक वाहवा करतील. पुढच्या आठवड्यात धाड पडेल ती तुमच्या ओट्यावर नाही. जिने तुम्हाला बाटली दिली तिच्या चुलीवर पडेल. वकील तिला करावा लागेल, तारखेसाठी मजुरी तिची बुडेल.

शेवटची सूचना

ही मार्गदर्शिका पाळलीत तर दोन आठवड्यांत तुमच्याकडे बऱ्यापैकी बिटर्स तयार असतील. ते चांगले झाले तर श्रेय कुड्याचं आणि चिराइताचं. तुमचं काम बरणी हलवण्यापुरतं. पाड्यावरून दारू नेऊ नका, तिचा फोटो तर मुळीच काढू नका. वाळलेली मोहफुलं, करवंदं, जांभळं रोख पैसे देऊन, वेचणारी सांगेल त्या भावाने घ्या. मोहाच्या किंवा चिकूच्या बाटलीबंद दारूवर पैसे खर्च करणार असाल, तर कंपनीला एवढंच विचारा की फूल आणि फळ कोणाकडून घेता आणि काय भावाने. उत्तर लेबलवर छापलेलं मिळेपर्यंत विचारत राहा.